निलंबित सायकलीची हवा

सन २००६च्या दिवाळीनंतर जिल्ह्याचं मनोधैर्य खालावलं असल्याचं शासनाच्या निदर्शनास आलं. त्याआधी ते किती होतं याची नोंद कुठेच नव्हती, त्यामुळे नेमकं किती खालावलं हे सांगणं अवघड होतं. पण कापूस घराघरात पडून होता, भाव वर यायला तयार नव्हता, आणि रोज कुठल्या ना कुठल्या वावरात एखादा चॅनेलवाला कॅमेरा लावून उभा होता. त्यावरून ते बरंच खालावलं असावं, असं अनुमान काढण्यात आलं. एखादी गोष्ट खालावली की ती उंचावण्यासाठी कक्ष स्थापन करावा लागतो. तसा तो झाला: मनोधैर्य उंचावणी कक्ष, आर्णी. दोन टेबलं, एक कपाट, एक गोल शिक्का. पंखाही मंजूर होता, पण तो टांगायला छताला हूक नव्हता, आणि हूक हा बांधकामाचा विषय असल्यानं त्याची मागणी दुसरीकडे करायची होती.

मी, श्रीकृष्ण नानोटी, त्या कक्षाचा अधीक्षक. यवतमाळहून रोज एसटीनं अप-डाऊन करायचो. माझ्यावर मोठे साहेब होते आणि माझ्याखाली कोणीच नव्हतं. त्यामुळे सगळं काम माझ्याकडे आणि सगळे निर्णय साहेबांकडे, अशी स्वच्छ विभागणी झाली होती.

मनोधैर्य उंचावण्याचे अकरा उपक्रम वरून ठरून आले होते. भजन स्पर्धा झाली. ‘आनंदी शेत’ या विषयावर रांगोळी स्पर्धा झाली. सातवा उपक्रम होता पर्वतीय सायकल स्पर्धा. मनोधैर्य उंचावायचं तर माणूस आधी उंचावर गेला पाहिजे, असा विचार वरच्या कोणीतरी केला असावा. इथे निवड करून विजेत्याला मे महिन्यात चिखलदऱ्याच्या राज्यस्तरीय शर्यतीला पाठवायचं होतं.

निवडीसाठी आम्ही वडाच्या तांड्याची टेकडी ठरवली. पायथ्याशी चुन्याची रेघ, माथ्यावर दोन बांबूंना बांधलेली फीत. अकरा जण आले. सगळे तरणेताठे, दोघांच्या सायकलींना गिअरही होते. साहेबांनी शिट्टी फुंकली, अकरा जण निघाले, आणि अर्ध्या चढावर एक बाई त्यांच्यामधून वाट काढत पुढे गेली. जुनी लेडीज सायकल, पदर कमरेला खोचलेला, कॅरिअरवर दोरीनं बांधलेला निळा डबा. वाटेत उभ्या असलेल्यांना घंटी मारत ती माथ्यावर पोचली, फीत तोडली आणि तशीच पुढे निघून गेली.

मला तिच्यामागे तांड्यापर्यंत पळावं लागलं. अंगणवाडीच्या ओट्यावर ती डबा उघडून बसली होती आणि समोर लेकरांची रांग होती.

“बाई, तुम्ही पहिल्या आलात,” मी धापा टाकत म्हणालो.

“पयली नाई जी,” ती म्हणाली. “नर्सबाई पयल्या आल्या. मले उशीरच झाला. खाली रस्त्यावर कायची तरी जत्रा होती.”

ती रामीबाई. वय एकतीस, वजन बेचाळीस किलो. दर बुधवारी खालच्या उपकेंद्रातून लसीचा डबा घेऊन तांड्यावर पोचवणं हे तिचं काम. बर्फ वितळायच्या आत डबा वर गेला पाहिजे, म्हणून सात वर्षं ती ती टेकडी जोरात चढत होती. तिनं अर्ज भरला नव्हता, सबब ती स्पर्धकच नाही, असा मुद्दा निघाला. पण ज्यांनी अर्ज भरला होता त्यांपैकी माथ्यावर कोणी पोचलंच नव्हतं. अखेर तिचा अर्ज मागच्या तारखेनं भरून घेण्यात आला.

अंगठा नको, सही करते म्हणाली. सही करून झाल्यावर तिनं मला विचारलं, “थ्या चिखलदऱ्याच्या शर्यतीत डबा न्या लागते काय?”

“छे! डबा कशाला?”

तिनं पेनचं टोपण लावलं. मग म्हणाली, “मंग मी येते. आतापर्यंत समदे मले ‘लवकर जा’ म्हणत आले, थे डब्यासाठी. डबा नसला तं मी किती जोरात जाते, थे मले एकडाव पाह्यचं हाये.”

शर्यतीची नियमावली आली तेव्हा तिच्यात एक अट निघाली. उतार खडकाळ असल्यानं प्रत्येक स्पर्धकाची सायकल फुल सस्पेन्शनची असणं बंधनकारक होतं. म्हणजे पुढच्या चाकाला आणि मागच्या चाकालाही दणका झेलणारा दट्ट्या. ज्याच्याकडे नसेल त्याला जिल्ह्यानं द्यावी. रामीबाईंच्या सायकलीला चेनकव्हरही नव्हतं. खरेदी करणं भाग होतं.

“नानोटी,” साहेबांनी विचारलं, “फुल सस्पेन्शनला मराठीत काय म्हणतात?”

“साहेब, सगळे फुल सस्पेन्शनच म्हणतात.”

“सगळे म्हणतात ते फाइलीत चालत नाही. राजभाषा आहे. कोश काढा.”

कोश काढला. सस्पेन्शन: निलंबन. दुसरा अर्थ दिलेला नव्हता, किंवा त्या पानाचा तो कोपरा वाळवीनं खाल्ला होता. मी प्रस्ताव तयार केला: ‘पूर्णतः निलंबित पर्वतीय सायकल, नग एक, खरेदी करण्याबाबत.’ आज मागे वळून पाहताना मला त्यात चूक दिसत नाही. व्याकरण शुद्ध होतं.

पहिला आक्षेप तीन आठवड्यांनी आला. ‘कार्यरत सायकली बाजारात उपलब्ध असताना निलंबित सायकल खरेदी करण्याचं प्रयोजन काय?’ मी सविस्तर खुलासा पाठवला. दुसऱ्या आक्षेपात निलंबनाचा दिनांक, कारण आणि चौकशी अधिकाऱ्याचं नाव मागितलं होतं. मी कळवलं की सायकल अद्याप खरेदी झाली नसल्यानं तिच्या हातून काही घडलेलं नाही. ती निर्मात्याकडूनच निलंबित होऊन येते. तिसरा आक्षेप मात्र मला मान्य करावा लागला. त्यात विचारलं होतं की पूर्णतः ऐवजी अंशतः निलंबित सायकलीनं भागेल काय. चौकशी केली तर खरंच तशा सायकली मिळत होत्या. दट्ट्या फक्त पुढच्या चाकाला. आक्षेप काढणाऱ्याला हे ठाऊक नसणार, पण त्याचा अंदाज अचूक होता.

रामीबाई दर बुधवारी डबा पोचवून परतताना कक्षाच्या दारात सायकल टेकवायची.

“आली काय जी सायकल?”

“अजून नाही. निलंबनावर चर्चा चालू आहे.”

“बाप्पा! काय केलं तिनं?”

“कोणी?”

“सायकलीनं.”

मी तिला पुढल्या बुधवारी यायला सांगितलं.

फेब्रुवारीत मंजुरी आली. सोबत साहेबांनी समासात स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली होती: ‘निलंबितास पूर्वपरवानगीशिवाय मुख्यालय सोडता येत नाही. सदर तरतूद प्रस्तुत सायकलीसही लागू राहील.’ मी त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं. शब्दकोशातून काढलेला एक शब्द आता आपल्या पायांनी चालायला लागला होता. पण ओळीखाली सही होती, आणि सही असलेल्या ओळीला चुकीचं कसं म्हणणार?

सायकल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आली. तांबड्या रंगाची, जाड टायरांची, डिस्कब्रेकची. मागच्या दट्ट्यात स्प्रिंग नव्हती, नुसती हवा होती. पुढच्या फोर्कमध्येही हवाच. तिच्यासोबत नागपूरचा एक माणूस आला होता. त्याच्या बॅगेत काटा लावलेला एक इवलासा पंप होता.

“चालवणाऱ्याचं वजन किती?” त्यानं विचारलं. “वजनाप्रमाणे हवा भरावी लागते.”

“बेचाळीस,” मी म्हणालो.

“थांबा,” साहेब म्हणाले. “ही सायकल पहिल्यांदा कोण चालवणार?”

पहिल्यांदा अर्थातच उद्घाटनाचे प्रमुख पाहुणे चालवणार होते. पाहुण्यांचं जिल्ह्यात वजन होतं, आणि ते खुर्चीत बसले की खुर्चीलाही कळायचं. नागपूरच्या माणसानं आकडा विचारला.

“पाहुण्यांना वजन विचारणं शिष्टाचारात बसत नाही,” साहेब म्हणाले. “अंदाजे धरा. आणि वर थोडी गुंजाइश ठेवा. फोटोच्या वेळी सायकल दबलेली दिसता कामा नये.”

त्यानं हवा भरली. पंपाचा काटा फिरत फिरत शेवटच्या आकड्याशी जाऊन टेकला. पाहुणे आले, फीत कापली, चौघांनी धरलेल्या सायकलीवर बसले आणि सात फूट गेले. सायकल तसूभरही दबली नाही. टाळ्या झाल्या. जाण्यापूर्वी नागपूरच्या माणसानं दोन्ही व्हॉल्व्हच्या टोप्यांवर लाखेचं सील लावलं, सेटिंग बदललं तर हमी रद्द होईल असं सांगितलं आणि पंप घेऊन निघून गेला. पंप हा स्वतंत्र नग होता आणि तो आमच्या प्रस्तावात नव्हता.

दुसऱ्या दिवशी रामीबाई सरावाला आली. मुख्यालय सोडायला मनाई असल्यानं सराव कक्षाच्या आवारातच करायचा होता. आवारात मागच्या बाजूला विटांचा एक जुना ढीग होता, त्यावरून तिनं सायकल घातली. सायकल चेंडूसारखी उडाली आणि रामीबाई सायकलीपासून वेगळी होऊन तुळशीच्या कुंडीजवळ पडली. कोपर खरचटलं.

“साहेब,” ती धूळ झटकत म्हणाली, “हे तं दगडावर बसल्यावानी हाये. माही जुनी तरी सीटवर लचकते.”

मी अय्यूबभाईंना बोलावलं. बसस्थानकासमोर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आर्णीतली निम्मी चाकं त्यांच्या हाताखालून गेलेली. सायकलीसोबत आलेली पुस्तिका नऊ भाषांत होती आणि त्यात आपली एकही नव्हती. अय्यूबभाईंनी चष्मा लावला, ओट्यावर बसून फक्त चित्रं पाहिली आणि पंधरा मिनिटांत त्यांना सगळं कळलं. आमच्याकडे त्याच सायकलीवर एकशे चाळीस पानांची फाइल होती.

त्यांनी मागच्या दट्ट्याच्या चकचकीत दांड्याला काळा धागा गुंडाळला, भिंतीला धरून सायकल उभी केली आणि रामीबाईंना वर बसवलं.

“बाई बसल्या का दट्ट्या एवढा आत गेला पाह्यजे,” त्यांनी बोटानं दांड्याचा पाव भाग दाखवला. “धागा तिथवर सरकला पाह्यजे. मंग खड्ड्यात चाक खालीबी जाईल अन् दगडावर वरबी येईल. पाहा आता.”

आम्ही पाहिलं. धागा तांदळाच्या दाण्याएवढाही सरकला नव्हता.

“साब, हे गाडी बाईले ओळखूनच नाही राह्यली,” अय्यूबभाई म्हणाले. “तिले वाटते अजून थेच पाहुणे बसून हायेत.”

“मग काय करायचं?”

“एक मिनिटाचं काम. टोपी काढायची, आतला खिळा दाबायचा, फुस्स.”

मी साहेबांकडे गेलो आणि हाच शब्द जमेल तसा अधिकृत करून सांगितला.

“फुस्स म्हणजे?” साहेबांनी विचारलं.

“थोडी हवा बाहेर जाईल साहेब.”

“कुठे जाईल?”

“हवेत.”

साहेबांनी डेडस्टॉक रजिस्टर मागवलं. नोंद मीच केली होती: ‘पूर्णतः निलंबित पर्वतीय सायकल, तांबडी, नग एक, हवेसह.’ नागपूरच्या पुरवठादाराच्या कागदावर हवा भरून देण्याचा उल्लेख होता, म्हणून मी तो शब्द इमानदारीनं लिहिला होता.

“हवेसह,” साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. “म्हणजे हवा शासनाची आहे. उद्या तपासणीत हवा कमी भरली तर जबाबदार कोण? आधी निर्लेखन करा.”

निर्लेखन म्हणजे शासकीय वस्तू निरुपयोगी ठरवून रजिस्टरमधून काढणं. त्यासाठी तीन सदस्यांची समिती लागते. समितीनं जागेवर येऊन पाहणी केली. हवा प्रत्यक्ष दिसत नसल्याचा शेरा एका सदस्यानं मारला. ती दिसण्यासाठी बाहेर काढावी लागेल आणि बाहेर काढण्यासाठीच ही बैठक असल्याचं मी नम्रपणे निदर्शनास आणलं. अखेर जादा हवा निर्लेखित ठरली. आता निर्लेखित वस्तू अशीच सोडून देता येत नाही, तिचा जाहीर लिलाव करावा लागतो. दारावर नोटीस लागली. अय्यूबभाई आले आणि एकट्यानं बोली लावली. एकच बोली आल्यास लिलाव रद्द होतो, हा नियम फार जुना आहे. पंधरा दिवसांच्या मुदतीची दुसरी नोटीस लागली.

शर्यतीला नऊ दिवस उरले होते.

या सगळ्या काळात रामीबाई रोज चार वाजता यायची. अय्यूबभाईंच्या घरून शमसुन्निसाभाभींनी स्वतःचा एक सलवार-कमीज आखूड करून तिला शर्यतीसाठी दिला होता. तो ती पिशवीत घालून आणायची, आवारात सायकल दोन फेऱ्या फिरवायची, आणि विटांच्या ढिगाजवळ आली की उतरून ती ढकलत न्यायची. ते पाहून मला वाईट वाटायचं. मी ते वाईट वाटणं कुठे नोंदवलं नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

एका दुपारी साहेब बैठकीला यवतमाळला गेले होते. बाहेर ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा नालीत बसली होती. अय्यूबभाई आले. मागून रामीबाई.

“साब,” अय्यूबभाई म्हणाले, “तुमी जरा तिकडं पाहा.”

“कुठे?”

“कुठंबी. इकडं सोडून.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीकडे ठरवून पाठ केली. एरवी ती आपोआप होत असे. आधी लाख तडकल्याचा आवाज आला. मग फुस्स. मग अय्यूबभाई म्हणाले, “बसा बाई. उतरा. अजून थोडी.” पुन्हा बारीक फुस्स. “बसा.” पुढच्या फोर्कचीही तशीच काढली. पाण्याची बाटली, पिशवी, सगळं अंगावर घेऊन तिला पुन्हा बसवलं, कारण शर्यतीत जे वजन असेल तेच आत्ता पाहिजे. सीट बोटभर खाली घेतली. ब्रेकची कांडी तिच्या आखूड बोटांना पोचेल अशी जवळ आणली. मी कॅलेंडरवरचे मे महिन्यातले लग्नाचे सगळे मुहूर्त वाचून काढले.

“आता वळखलं तिनं बाईले,” अय्यूबभाई म्हणाले. “पाहा साब, आता पाहा.”

काळा धागा दांड्यावर बरोबर पाव भाग सरकला होता.

रामीबाईंनी आवारात एक फेरी घेतली. विटांच्या ढिगावरून गेली. चाक वर आलं, खाली गेलं, आणि बाई जागच्या जागी बसून होती. दुसऱ्या फेरीत फाटक आलं. फाटक उघडं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा कॅलेंडरकडे पाहायला हवं होतं, पण मी तिच्याकडेच पाहत राहिलो. आणि ती गेली.

आम्ही दोघं पायरीवर उभे राहून टेकडीच्या रस्त्यावरचा तांबडा ठिपका बघत होतो. तो एवढ्या लवकर वर गेला की अय्यूबभाईंनी चष्मा पुसून घातला.

तासाभरानं ती परत आली. तोंड धुळीनं भरलेलं, दात तेवढे पांढरे.

“मिस्त्रीभाऊ, दगड येते पण कळतच नाई!” ती उतरता उतरता म्हणाली. “पलीकडच्या उतारावर मी बोंबलली जी. कोणी नव्हतं तिथी, तं मस्त जोरानं बोंबलली.”

“पडलात काय?” मी घाबरून विचारलं.

“नाई हो साहेब. आनंद झाला म्हणून.” मग हसू जरा आवरून ती म्हणाली, “पण चढताना मांगं वळू वळू पाह्यत होती. डबा पडला का काय, असं वाटे. मंग ध्यानात ये, डबाच नाई. अन् अजून जोरात जाव.”

अय्यूबभाई खाली बसून धागा तपासत होते. त्यांनी धागा काढला नाही, तसाच राहू दिला.

त्या तासाभरात कोणीतरी तिचा फोटो काढला होता. तीन दिवसांनी स्थानिक पेपरात तो आला. माहितीचा अधिकार तेव्हा नवाच आला होता आणि सुशिक्षित मंडळींमध्ये त्याची मोठी हौस होती. उद्घाटनानंतरच कोणीतरी अर्ज टाकून आमच्या फाइलीच्या नकला घेऊन ठेवल्या होत्या. फाइल आणि फोटो शेजारी ठेवून पाहणाऱ्याला स्वच्छ दिसत होतं की शासनानं एक निलंबित सायकल खरेदी केली, तिला मुख्यालय सोडायला मनाई केली, आणि तीच सायकल सील तोडून विनापरवाना डोंगरावर आढळली.

शर्यत रविवारी होती. सायकलीला शर्यतीपुरती मुख्यालय सोडायची पूर्वपरवानगी मिळाली होती, आणि शनिवारी सकाळच्या एसटीच्या टपावर ती बांधून आम्ही निघणार होतो. शुक्रवारी दुपारी तीन वाजता यवतमाळच्या जागरूक नागरिकांचं निवेदन कक्षात येऊन थडकलं. तीन पानं मजकूर, चार पानं सह्या. भाषा अत्यंत शुद्ध होती. ‘जिल्हा संकटात असताना अशा चैनीच्या वस्तूंवर होणारा खर्च संतापजनक आहे. सदर महिलेस या सायकलीची वस्तुतः आवश्यकता काय? जिच्यावर निलंबनाची कारवाई झाली आहे अशा सायकलीची सखोल चौकशी व्हावी आणि तोपर्यंत ती वापरात आणू नये.’

साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसलं.

“बघा नानोटी, तुम्हाला वाटत होतं आपला शब्द चुकला.” त्यांनी आदेश लिहायला घेतला. “चौकशी पूर्ण होईपर्यंत सायकल निलंबित. गोदामात ठेवा, कुलूप लावा, किल्ली माझ्याकडे. आता कागद आणि वस्तुस्थिती जुळली.”

“साहेब, शर्यत परवा आहे. बाईंचा काय दोष?”

“मी बाईंना कुठे निलंबित केलंय? त्या खुशाल जाऊ शकतात.”

चार वाजता रामीबाई आली. नवीन पिशवी, वेणीला तेल. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. अय्यूबभाई दारात उभे होते. त्यांनी नवीन ट्यूब आणली होती, वाटेत पंक्चर झालं तर लागेल म्हणून.

रामीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “थ्या कागदात माहं नाव हाये काय?”

मी मजकुराची तिन्ही पानं चाळली. “नाही. ‘सदर महिला’ असं आहे.”

“मले कोणी ओळखते काय त्याईच्यातलं?”

“नाही.”

“मंग राग कायचा हाये त्यायले?”

याचं उत्तर तीन पानांत कुठेच नव्हतं. तिनं गोदामाच्या दाराकडे पाहिलं. नंतर उठली, पिशवीतून सलवार-कमीज काढून घडी नीट केली आणि अय्यूबभाईंच्या हातात दिली.

“भाभीले सांगजा, धुऊन ठेवला हाये. घातला नाई.”

“असू दे बाई, तुमालेच होईल कधी,” अय्यूबभाई म्हणाले.

“कायले?” ती म्हणाली आणि आपली सायकल घेऊन निघाली. फाटकापर्यंत ती चालतच गेली. अय्यूबभाई माझ्याकडे न पाहता म्हणाले, “साब, हवा माह्या हातानं काढली, थे लिहून टाका. माहं नाव लिहा. तुमचं नका लिहू.” मी लिहिलं नाही. माझंही लिहिलं नाही.

त्या संध्याकाळी घरी गेलो तेव्हा मी खरंच संतापलेलो होतो. चपला काढता काढताच बायकोला, शुभदेला, सांगायला सुरुवात केली. काय हे लोक, बसल्या जागी सह्या ठोकतात, त्या बाईनं सात वर्षं डोंगर चढून यांचं काय बिघडवलं होतं. शुभदा भाजी निवडत ऐकत होती.

“कुठलं निवेदन?” तिनं विचारलं. “ते सायकलीचं? अहो, ते आपल्या कॉलनीतूनच गेलं की. मंगळवारी देवळात सत्यनारायण होता, तिथे फिरत होतं. माझी आहे सही. तुमचीही आहे.”

“माझी?”

“प्रसाद घेता घेता केलीत. मी म्हटलंही, वाचा तरी. तुम्ही म्हणालात, सगळ्यांनी केली आहे ना, मग ठीक असेल.”

दुसऱ्या दिवशी शनिवारी पहिल्या गाडीनं आर्णीला गेलो आणि कपाटातून निवेदन काढलं. एकतिसाव्या क्रमांकावर माझी सही होती, तारखेसह. तिच्याखाली सवयीनं मी एक ओळही लिहिली होती: ‘वरीलप्रमाणे सहमत. मान्यतेस्तव सादर.’ कागदावर शिऱ्याचा डाग होता.

चौकशी सुरू आहे. ती नियमानुसार सह्या करणाऱ्यांपासून सुरू होते, म्हणून प्रत्येकाला बोलावून विचारायचं आहे की आपण हे वाचून सही केली होती काय. एकशे सोळा सह्यांपैकी एकशे बारा जणांचा छडा लागला. सगळे भले लोक आहेत. डॉक्टर, प्राध्यापक, दोन कवी, पुस्तकं वाचणारी मंडळी. निवेदन मात्र कोणीच वाचलं नव्हतं. उरलेल्या चार सह्या कोणाच्या ते मला लागत नाही. त्या कुठल्याशा जिन्यात, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत किंवा कोणाच्या लग्नाच्या पंगतीत उभ्या उभ्या केल्यासारख्या वाटतात. आपण इथवर वाचत आला आहात, म्हणून विचारतो. आपली सही कशी असते?